ग्रुपवरची कुरापत कशी थांबवली
सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन, आणि एक जण कुणी काहीही विचारलं की खुसपट काढायचाच. तळमजल्यावरच्या काकूंनी टँकर किती वाजता येणार एवढंच विचारलं तर "वाचता येत नाही का", मग रात्री साडेबारापर्यंत भांडण, आणि काकूंनी ग्रुपवर लिहिणंच सोडलं, ते मला फार लागलं. आधी मी पण तिथेच त्याला उत्तरं देत बसलो, म्हणजे आगीत तेल. मग ठरवलं, त्याला कुणी उत्तर द्यायचं नाही. ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, तो लगेच उडवायचा आणि कारण त्याला पर्सनलवर सांगायचं. पेटलंच तर सेटिंगमधून सकाळपर्यंत फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं करायचं. तिसऱ्यांदा तसंच केलं तेव्हा त्याला महिनाभर ग्रुपमधून काढलाच. परवा काकूंनी लिफ्टचं विचारलं, चौघांनी नीट सांगितलं.