टॉलरन्स: ड्रॉइंग वाचताना या चुका टाळा

वर्कशॉपमध्ये नव्या पोराला टॉलरन्स म्हणजे काय विचारलं की बहुतेकदा उत्तर येतं, "थोडं इकडे-तिकडे चालतं." ड्रॉइंगवर 'थोडं' नावाचं माप नसतं. जॉबचं, म्हणजे बनवायच्या भागाचं, जास्तीत जास्त माप आणि कमीत कमी माप ठरलेलं असतं, त्या दोहोंतला फरक म्हणजे टॉलरन्स. म्हणून ±०.१ लिहिलं असेल तर टॉलरन्स ०.२ एमएम. डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत इथेच निम्मी पोरं ०.१ सांगून मोकळी होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "मायनसमध्ये ठेव (लिहिलेल्या मापाहून थोडं कमी), बसेल तरी" हा समज. नेहमीचं ६२०५ बेअरिंग घ्या. बोअर, म्हणजे आतलं भोक, २५ एमएम. शाफ्टच्या ड्रॉइंगवर २५ के६ लिहिलंय (के६ हा टॉलरन्सचा कोड), म्हणजे माप २५.००२ ते २५.०१५. दोन्ही आकडे प्लसमध्ये आहेत, कारण बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसायला हवं. बेअरिंगचा बोअर स्वतः २४.९९० ते २५.०००च्या दरम्यान असतो. ऑपरेटर विचार करतो, पंधरा मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे ०.००१ एमएम) तर खेळ आहे, आणि २४.९९ला ग्राइंडिंग थांबवतो. बेअरिंग हातानेच सरकत जातं, सगळे खूश.

मशीन चालू झालं की आतली रिंग शाफ्टवर हळूहळू सरकायला लागते. सीट, म्हणजे शाफ्टवरची बेअरिंगची जागा, आधी आरशासारखी चकाकते, मग लालसर तपकिरी पूड दिसते, मग आवाज. बेअरिंग उघडलं की दोष बेअरिंग कंपनीला. दुसरं नवीन आणून त्याच झिजलेल्या सीटवर चढवतात, तेही तसंच जातं. मग कुणीतरी सेंटर पंच घेऊन सीटवर डॉट मारतो. या उपायाचा जितका राग यावा तितका कमीच. डॉटच्या कडा तेवढ्या उठतात, बेअरिंग त्या टोकांवर टेकतं, टोकं दबली की पुन्हा सैल. शिवाय शाफ्ट आउट (केंद्र सोडून) फिरतो तो वेगळाच. सीट भरून पुन्हा ग्राइंड करा नाहीतर नवा शाफ्ट करा.

आमची सवय अशी: जॉब मशीनवर चढवायच्या आधी ड्रॉइंगवरच पेन्सिलीने दोन्ही मर्यादा आणि मधलं माप लिहायचं. इथे साधारण २५.००८. मशीन मधल्या मापावर लावायचं, काठावर नाही. मोजायला व्हर्नियर घेऊ नका, ०.०२ लीस्ट काउंटच्या (०.०२ एमएमपेक्षा बारीक न वाचणाऱ्या) हत्याराने १३ मायक्रॉनचा टॉलरन्स काय दिसणार? ०-२५चा मायक्रोमीटरही २५च्या पुढे जात नाही. २५-५०चा, ०.००१ वाचणारा घ्या, २५च्या स्टँडर्डवर झिरो बघा आणि रॅचेटनेच फिरवा. बेअरिंग बसवताना आतल्या रिंगवर पाइप टेकवून प्रेस मारा, किंवा हीटरवर ८० ते १०० अंश तापवून चढवा. तापवायचा कंटाळा, हेच खरं तर शाफ्ट मायनसमध्ये जाण्याचं मूळ.

पुढची चूक, कोडमधलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर एकच समजणं. कॅपिटल एच७ भोकासाठी, २५ला ० ते +०.०२१. स्मॉल एच७ शाफ्टसाठी, ० ते −०.०२१. व्हॉट्सअ‍ॅपवर माप मागवताना सगळं कॅपिटलमध्ये टाइप करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

टॉलरन्स आणि अलाउन्स एक नाहीत. "ग्राइंडिंगला ०.३ ठेव" म्हणतो ते अलाउन्स, मुद्दाम ठेवलेलं मटेरियल.

ड्रॉइंगवर टॉलरन्स दिलेला नाही म्हणजे कसंही चालेल असं नाही. टायटल ब्लॉक बघा. तिथे आयएसओ २७६८-एम (सर्वसाधारण टॉलरन्सचं स्टँडर्ड) असेल, तर ३० ते १२० एमएमच्या लांबीला ±०.३ लागू आहे.

दुसरी आवडती चूक साखळी मापांची. पट्टीवर सहा भोकं, प्रत्येक दोघांत ४० ±०.१. पोरगा पहिल्यावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं असं मार्किंग करत जातो. प्रत्येक अंतर मापात, क्यूसीत (तपासणीत) पास. पण पाच अंतरांची चूक एकाच बाजूला साठली, तर शेवटचं भोक पहिल्यापासून अर्धा एमएम सरकतं. एम६ बोल्टला ६.६चं भोक दिलंय, म्हणजे मध्यापासून ०.३चीच जागा. समोरच्या प्लेटची आट्यांची भोकं अचूक असली तरी पहिला बोल्ट मध्यावर आवळला की शेवटचा अडतो, आणि असेंब्लीवाला गोल कानस काढतो. एकाच कडेवरून ४०, ८०, १२० अशी मापं धरा. डीआरओ (मशीनवरचा मापाचा डिजिटल डिस्प्ले) असेल तर मधेच झिरो करू नका. ड्रॉइंग काढणाऱ्यानेही मापं एका कडेवरूनच द्यावीत, सगळा भार ऑपरेटरवर टाकू नये.

आणि गरम जॉब मोजू नका. मापं २० अंशांची असतात. लेथवरून ५० अंशांवर उतरलेला १०० एमएम व्यासाचा स्टीलचा जॉब सुमारे ३५ मायक्रॉन फुगलेला असतो. घाईत मोजलं की ओव्हरसाइज दिसतो, अजून एक कट मारला जातो, आणि थंड झाल्यावर तो अंडरसाइज निघतो. स्मॉल एच६ला १०० व्यासावर सगळा टॉलरन्सच २२ मायक्रॉनचा आहे. जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही सरफेस प्लेटवर शेजारी ठेवा, चहा पिऊन या, मग मोजा.