युद्धात मृत्यू पावलेल्या घरच्या सैनिकाची माहिती कशी जुळवावी

इंदूरच्या मराठी घरातला कुणी सैनिक युद्धात गेला असेल, तर त्याचा शोध नावापासून सुरू करू नका, नंबरापासून करा. एकाच पलटणीत एकाच नावाचे चारचार जवान असत आणि इंग्रजी नोंदीत मधलं, म्हणजे वडिलांचं नाव पुष्कळदा गळलेलं असतं. सैनिकाचा नंबर मात्र त्या पलटणीत त्याचा एकट्याचा.

हा नंबर तीन ठिकाणी सापडतो: पत्राच्या पाठवणाऱ्याच्या पत्त्यात, कुटुंब पेन्शनच्या पीपीओवर (पेन्शन देण्याच्या आदेशावर) आणि पदकाच्या कडेवर. पहिल्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते. भिंग घेऊन तिरप्या उजेडात वाचा. ब्रासोसारख्या पॉलिशने पदक मुळीच घासू नका, अक्षरं झिजली की ती परत येत नाहीत. वाचता येत नसेल तर पातळ कागद धरून वरून मऊ पेन्सिल फिरवा. घरात साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची काशाची तबकडी निघाली, तर ती पहिल्या युद्धात गेलेल्याच्या वारसाला मिळालेली असते. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा नाही, नंबरही नाही.

पुढची पायरी युद्धावर ठरते. दोन्ही महायुद्धांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या युद्धसमाध्या सांभाळणाऱ्या संस्थेची यादी संकेतस्थळावर फुकट पाहता येते. तिथे आधी फक्त आडनाव टाका आणि भारतीय सैन्य निवडा. पवार हे पोवार किंवा पुआर, शिंदे हे सिंदे असं लिहिलेलं असू शकतं, म्हणून प्रत्येक रूप वेगळं शोधा. गाव म्हणून इंदूरच येईल असंही धरून चालू नका. होळकरांच्या राज्यात पिढ्या गेल्या, तरी भरतीच्या वेळी काही जण रत्नागिरी-साताऱ्याचं मूळ गाव सांगत.

सगळ्यात जास्त चूक स्मारकाच्या नावावरून होते. नाव ज्या स्मारकावर आहे, तिथेच तो पडला असं नव्हे. नाईक यशवंत घाडगे (मराठा लाइट इन्फन्ट्री, व्हिक्टोरिया क्रॉस) १० जुलै १९४४ रोजी इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात मारले गेले, वय २२. समाधी सापडली नाही म्हणून त्यांचं नाव दूर दक्षिणेला कॅसिनो स्मारकावर आहे. बसरा स्मारकाचंही तसंच, मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुठेही मृत्यू आलेल्या आणि समाधी न सापडलेल्यांची नोंद त्या स्मारकाखाली होते. तिथल्याच कूत गावी तुर्कांच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. त्यांतल्या जवानाच्या मृत्यूची तारीख त्यानंतरची असेल, तर त्याचा मृत्यू कैदेत झाला का हे आधी तपासा.

स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाची यादी बघा, मग रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. अर्ज जवळच्या वारसाच्या सहीने करा, नात्याचा पुरावा जोडा. लांबच्या नातेवाइकाचा अर्ज बहुधा परत येतो. पत्ता किंवा अर्जाचा नमुना नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

आता घरची बाजू. बहुतेक जण इथे घाई करतात, आणि खरं तर त्या मुलाचं आयुष्य इथेच सापडतं. विशीत गेलेल्याची बायको कधी पंधरा-सोळा वर्षांची असे. ती माहेरी परतली असेल, किंवा दिराशी पाट लागला असेल. म्हणून कागद सासरच्या ट्रंकेत मिळाले नाहीत, तर तिच्या माहेरी शोधा. हा विषय वयस्कर आत्या-मावशींजवळ एकटं बसून काढा, भरल्या घरात नाही. बहिणींची लग्नानंतरची नावंही लिहून घ्या. पत्रं अनेकदा बहिणीकडे निघतात.

वंशावळीसाठी त्र्यंबकेश्वर-नाशिकचे तीर्थोपाध्याय किंवा उज्जैनला सिद्धवटावरचे पंडे गाठा. त्यांना इंदूरचा पत्ता सांगून उपयोग नाही, मूळ गाव आणि आडनाव सांगा. वहीत शके असेल तर ७८ मिळवा, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. शके १८६६ म्हणजे १९४४. वर्षाच्या टोकाच्या महिन्यांत एका वर्षाचा फरक पडतो.

घरात पाळली जाणारी श्राद्धाची तिथी तार आल्या दिवसाची असू शकते. बेपत्ता जवानांची बातमी तर महिन्यांनी येई. त्यामुळे तिथी आणि सरकारी तारीख जुळली नाही, तर एक खोडून दुसरी लिहू नका. दोन्ही ठेवा, आणि कोणती कुठून मिळाली ते शेजारी लिहा. प्रत्येक तपशिलाला हेच लागू आहे. 'शेवटचं पाणी मागितलं' असं घरात सांगत असतील तर तेही लिहा, पण 'अमुक काकूंनी सांगितलं' या शब्दांत.

कमिशनच्या नोंदीत वडिलांचं नाव किंवा गाव चुकलं असेल तर दुरुस्ती मागता येते. नाव यादीत नसेलच तर ते घालण्याचीही मागणी करता येते. त्या काळचा कागद मात्र हवा: तार, पेन्शनचा आदेश, पलटणीचं पत्र. मूळ प्रत पाठवू नका. दोन्ही बाजू स्कॅन करा, कारण शिक्के आणि नंबर बहुधा मागच्या बाजूला असतात.