स्लाइड उगाच अडकत नाही : मोटरहोमवाल्यांनो, या चुका टाळा

मोटरहोमची स्लाइड, म्हणजे गाडी उभी असताना भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग, अडकली की बहुतेक लोक एकच गोष्ट करतात. बटण दाबतात. हलली नाही तर पुन्हा दाबतात, मग दाबून धरतात. अडकलेली मोटर फिरत नाही, पण करंट मात्र भरपूर खेचते आणि तापते. वाळूजच्या बाजूला मी कॅरॅव्हॅन आणि व्हॅनिटी व्हॅनची कामं करतो. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच स्लाइड मुळात बिघडलेल्या नसतात, त्या घाईने बिघडवलेल्या असतात. 2021 मध्ये राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. वेरूळ-अजिंठ्याला भाड्याची गाडी घेऊन येणारी कुटुंबंही रस्त्यात भेटतात. त्यातल्या कितीजणांना स्लाइड नीट समजावून दिलेली असते, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

काळ्या मातीवर गाडी लावून स्लाइड बाहेर काढणे

ही चूक मी सगळ्यात वर ठेवतो, कारण बाकीच्या अर्ध्या भानगडी हिच्यातूनच निघतात.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, दगडासारखी कडक वाटते. पहिला मोठा पाऊस झाला की तीच फुगते आणि चाक गिळते. पैठणजवळ नाथसागराच्या बाजूला एका शेतात एका कुटुंबाने गाडी लावली होती. मृगाचा पाऊस. संध्याकाळी स्लाइड बाहेर काढली तेव्हा सगळं ठीक होतं. रात्री पाऊस झाला आणि मागचं डावं चाक खचलं. गाडीची चौकट पिळली, आणि चौकटीबरोबर स्लाइडचं भोकही तिरकं झालं. सकाळी त्यांनी स्लाइड आत घ्यायला बटण दाबलं. कट्ट असा आवाज आला आणि स्लाइडची एकच बाजू आत सरकायला लागली.

त्या गाडीत रॅक-पिनियनची, म्हणजे दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणाऱ्या दातेरी चाकाची, सिस्टीम होती. फरशीखाली एक मोटर, तिच्यापासून जाणारा एक शाफ्ट, दोन टोकांना दोन पिनियन, आणि मध्ये एक मुद्दाम नरम ठेवलेला शिअर बोल्ट. लोड हाताबाहेर गेला की हा बोल्ट तुटावा आणि गिअर वाचावेत, म्हणूनच तो तिथे असतो. त्याने त्याचं काम चोख केलं होतं.

पुढे जे झालं त्याचा मला आजही राग येतो. रस्त्यालगतच्या एका गॅरेजवाल्याने तुटलेला बोल्ट काढला आणि त्याच मापाचा हाय टेन्साइल, म्हणजे जास्त कडक पोलादाचा, बोल्ट ठोकला. वर सांगितलं, “साहेब, आता हा जन्मात तुटत नाही.” खरंच नाही तुटला. गाडी त्याच चिखलात, तशीच तिरकी उभी. पुन्हा बटण दाबल्यावर बोल्टच्या जागी पिनियनचे दात गेले. मी पोचलो तेव्हा स्लाइडचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा चार बोटं पुढे होता आणि आतलं कपाट दाराच्या चौकटीला घासत होतं. आधी जॅकखाली जाड फळ्या घालून गाडी समतल केली. मग शेतातली माणसं बोलावली आणि दोन्ही बाजूंनी सारखा जोर लावत, इंच इंच करत स्लाइड आत ढकलली. पट्ट्यांनी आवळून गाडी वर्कशॉपला आणली. पिनियन बाहेरून मागवावा लागला. एका नरम बोल्टच्या किमतीत सुटणारं काम होतं.

म्हणून माझी सवय सांगतो. मुरूम किंवा काँक्रीट असलेली जागा शोधायची. ती नसेल तर चाक आणि जॅक दोन्हींखाली फळ्या घालायच्या. गवंड्याची लेव्हल पट्टी गाडीत ठेवायची, आडवी आणि उभी दोन्हीकडे लावून बघायची. आधी लेव्हल की आधी स्लाइड, हा क्रम तुमच्या गाडीच्या पुस्तकात काय दिलाय ते बघा. कंपनीप्रमाणे तो बदलतो. रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी बटणाकडे जाण्याआधी लेव्हल पट्टीकडे जा. आणि शिअर बोल्ट तुटला तर तसाच, त्याच ग्रेडचा बोल्ट घाला. दोन जादा बोल्ट गाडीत ठेवायला काय लागतं?

व्होल्टेज न बघता मोटरला दोष देणे

स्लाइड हळू चालतेय, मध्येच थांबतेय, आवाज बसल्यासारखा येतोय, म्हणजे मोटर गेली, असं लोक ठरवूनच येतात. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल आणि तिच्यावर लोड नसेल, तर ती सुमारे 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते. 12 च्या आसपास आली की ती बरीच रिकामी झालेली असते. पण खरी मेख पुढे आहे. स्लाइड चालू असताना मोटरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. बॅटरीपाशी व्होल्टेज चांगलं आणि मोटरपाशी पडलेलं दिसलं, तर दोष मधल्या वायरीत किंवा अर्थिंगमध्ये. चेसिसला जिथे अर्थ जोडलेला असतो तो बोल्ट गंजलेला सापडतो. मी तो कानशीने घासून चकचकीत करतो, मगच पुढचं बोलतो.

स्लाइड हलवताना चार्जर जोडलेला असू द्या. ज्या गाडीत कंपनीने चालेल म्हटलंय तिथे इंजिन चालू ठेवा. हँडब्रेक ओढलेला नसेल तर काही गाड्यांत स्लाइड चालूच होत नाही, तेही बघा. फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज घालू नका, वायर जळेल. कंट्रोलर वगळून मोटरला थेट बॅटरी देणारे मिस्त्री आहेत. त्यांच्या हातात गाडी देऊ नका.

ग्रीस

रॅकवर, रेल्सवर, गिअरवर बोटभर ग्रीस थापणारे भाऊ मला दर उन्हाळ्यात भेटतात. आपल्याकडे मार्च ते मे काय धूळ उडते ते वेगळं सांगायला नको. कापसाच्या हंगामात रस्त्याने सुटे तंतूही उडत असतात. हे सगळं त्या ग्रीसला चिकटतं आणि ग्रीसचा घासकागद होतो. भिंतीतल्या सिस्टीममध्ये, जिथे दोन्ही बाजूंना छोट्या मोटरी आणि ॲल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्या असतात, तिथे हे फार लवकर अंगाशी येतं. ॲल्युमिनियमचे दात किती वेळ टिकणार?

मी आधी ब्रशने आणि कोरड्या फडक्याने सगळं झाडून घेतो, मग कोरडा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे मारतो. पातळ थर, बस. कंपनीने एखाद्या जागी ग्रीसच सांगितलं असेल तर तिथे ग्रीस, तेही तिने सांगितलेलंच.

रबरी सीलला हे काहीच लावायचं नाही. घासलेट नाही, इंजिन ऑइल नाही, व्हॅसलीनही नाही. रबर फुगतं, मऊ पडतं आणि दुमडतं. साबणाच्या पाण्याने पुसायचं, वाळू द्यायचं, मग सिलिकॉनचा स्प्रे फडक्यावर घेऊन हलक्या हाताने फिरवायचा. स्लाइड बाहेर आल्यावर सीलचा ओठ कुठे आत दुमडून राहिलाय का, ते बोट फिरवून बघा. पावसात पाणी तिथूनच आत शिरतं.

आणखी काही, थोडक्यात

भिंतीतल्या दोन मोटरींच्या सिस्टीममध्ये स्लाइड पूर्ण बाहेर किंवा पूर्ण आत गेली तरी बटण लगेच सोडू नका. मोटरी आपणहून बंद होईपर्यंत धरा, म्हणजे दोन्ही बाजू एका ठिकाणी जुळतात. हे धरणं स्लाइड टोकाला पोचल्यावरच. मध्येच अडकली तर बोट काढायचं.

कडुलिंबाखाली गाडी लावली असेल तर आत घेण्याआधी शिडी लावून वर चढा. निंबोळ्या आणि काड्या स्लाइडच्या छतावरून थेट सीलमध्ये जातात, आणि बाभळीचा काटा तर सील फाडतोच.

स्लाइडच्या वाटेत चप्पल, पाण्याचा जार, उघडा ड्रॉवर. रोजचं आहे, तरी रोज होतं.

हाताने हँडल फिरवून स्लाइड आत घेतली असेल तर मोटरचा ब्रेक पुन्हा लावायला विसरू नका. तो सुटा राहिला तर कन्नडच्या घाटात वळणावर स्लाइड आपणहून बाहेर सरकू शकते. हँडलच्या जागी इम्पॅक्ट गन (नट-बोल्ट झटक्याने फिरवणारं मशीन) लावणाऱ्यांचे गिअर माझ्या टेबलावर येतात. धीर धरून हातानेच फिरवा.

फोन करण्याआधी

मिस्त्रीला फोन करताना “स्लाइड अडकली” एवढंच सांगून चालत नाही. सिस्टीम कोणती, मीटरवर किती व्होल्ट दिसतात, कोणती बाजू मागे आहे, आवाज येतो की अजिबात येत नाही, गाडी कुठल्या जमिनीवर उभी आहे, हे बघून ठेवा. दोन्ही कोपऱ्यांचे फोटो पाठवा. तोपर्यंत बटणाला हात लावू नका आणि एकही बोल्ट खोलू नका.