आईची मिश्री कशी सोडवावी

कॅन्सर होऊ नये म्हणून काय खावं, असं दवाखान्यात मला नेहमी विचारतात. मी दातांची डॉक्टर. माझं उत्तर ठरलेलं: आधी घरातली मिश्रीची डबी बघा. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखूच. बायका तिला दातवण समजतात, म्हणून ‘व्यसन आहे का?’ या प्रश्नाला अगदी मनापासून ‘नाही’ म्हणतात. ‘दात कशानं घासता?’ असं विचारा.

डबी रागानं फेकू नका, आई शेजारणीकडून चिमूटभर मागून आणेल. ती दिवसात कुठल्या कुठल्या वेळी मिश्री लावते ते तिच्याकडूनच काढून घ्या. चहानंतरची, भांडी झाल्यावरची अशा मधल्या वेळा आधी सोडवा. सकाळची सगळ्यात अवघड, ती शेवटी. तोंडात टाकायला भाजलेली बडीशेप, ओवा द्या. सुपारी मात्र नको. तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच जाहीर केलंय.

खरी अडचण पोटाची. ‘मिश्री लावल्याबिगर पोट साफ होत नाही,’ हे खोटं नसतं. तंबाखूतल्या निकोटिननं आतडी हलतात, ती सवय मोडायला वेळ लागतो. तोवर सकाळी कोमट पाणी, जेवणात ज्वारीची भाकरी, मेथी-शेपू, मटकीची उसळ, एखादा पेरू आणि संध्याकाळी चालणं. या चोथ्याच्या जेवणानं आणि चालण्यानं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोकाही कमी होतो. चिडचिड पहिल्या आठवड्यात जास्त असते, साधारण महिन्याभरात उतरते. त्या दिवसांत तिच्याशी वाद घालू नका. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत फोन आहे: १८००-११-२३५६.

भाकरीबरोबर चटणी आलीच, तर दाणे निवडून घ्या. बुरशीचे, काळवंडलेले, कडू लागणारे टाकून द्या. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष यकृताचा कॅन्सर करू शकतं आणि भाजून ते पुरतं जात नाही.

आणि महिन्यातून एकदा आईचं तोंड उजेडात बघा. मिश्री जिथं दाबून धरते तो गालाचा आणि हिरडीचा कोपरा नीट ताणून पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तीन बोटं उभी तोंडात जात नसली, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. तिला घेऊन थेट दवाखाना गाठा.