डेस्कटॉप भेट द्यायचाय? यादीत पहिलं नाव यूपीएसचं

कागद घ्या आणि पहिल्या ओळीत यूपीएस लिहा, म्हणजे वीज गेल्यावर कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणारा बॅटरीचा डबा. प्रोसेसर, रॅम, मॉनिटर सगळं त्याच्या खाली.

२०२२च्या दिवाळीत मी सांगोला तालुक्यात ताईच्या घरी भाचीसाठी डेस्कटॉप नेला होता. तीन आठवडे चौकशा केल्या, पुण्यात तपकीर गल्लीत चार दुकानं पालथी घातली आणि सगळं तीस हजारांत बसवलं. पाडव्याला तो टेबलावर मांडला, ताईनं हळदकुंकू वाहिलं. यूपीएस मात्र ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून राहून गेला. त्या घरी संध्याकाळी सातच्या सुमारास वीज दोन सेकंद जाते आणि येते. पंखा नुसता मंदावतो, पण कॉम्प्युटर बंद पडतो. रोज दोन-तीनदा हे चाललं होतं. मग एकदा विंडोजचं अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली आणि त्यानंतर मशीन सुरूच होईना. भाचीच्या टी.वाय.च्या प्रोजेक्टची साठेक पानं त्यात होती. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली असती तर फाइल परत मिळाल्या असत्या, पण दुरुस्तीवाल्यानं काही न विचारता आधी फॉरमॅट मारला, म्हणजे डिस्क पुसूनच टाकली.

हे सगळं मला कळलं फेब्रुवारीत, तेही ताईच्या तोंडून सहज निघालं म्हणून. भाची तोपर्यंत तालुक्याला सायबर कॅफेत बसून तीच पानं पुन्हा टाइप करत होती. मी विचारलं, तेव्हा म्हणाली, “मावशी, तू एवढे पैसे घातलेस, त्यावर आणखी यूपीएस कसा मागू?” ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. स्वतः विकत घेतलेली वस्तू बिघडली की आपण दुकानदाराशी भांडतो. मावशीनं दिलेली बिघडली की मुलगी गप्प बसते. म्हणून भेट देताना जे राहील ते राहूनच जातं, ते मागायला कुणी येत नाही. तेव्हा यूपीएस आधी.

यंदा धाकट्या भाचीसाठी पुन्हा हीच खरेदी केली, त्यावरून ही यादी.

बजेट ठरवलंत की त्यातून यूपीएसचे अडीच-तीन हजार पहिल्याच दिवशी बाजूला काढा. उरलेल्यात कॉम्प्युटर बसवायचा. उलटं केलं की काय होतं ते वर सांगितलं. घरगुती, ऑफिसच्या कामाच्या मशीनला ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. त्यावर वॉटमध्ये आकडा साधारण ३६० असतो. बघायचा तो हाच, व्हीएचा नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेलं मशीन आणि २२ इंची मॉनिटर मिळून शंभर वॉटच्या आसपासच खातात, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटं मिळतात. फाइल सेव्ह करून नीट बंद करायला ती भरपूर झाली. खोक्यावर इनपुट व्होल्टेजची रेंज वाचा. १४०-१४५पासून २९०-३००पर्यंत असेल तर गावच्या संध्याकाळच्या पडलेल्या व्होल्टेजलाही तो बॅटरीवर न जाता सांभाळून घेतो. आतली बॅटरी १२ व्होल्ट, ७ एएचची असते आणि दोन-तीन वर्षांत जाते. ती बदलून मिळते हे घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर ‘यूपीएस गेला’ म्हणून तो माळ्यावर जातो.

“आमच्याकडे इन्व्हर्टर आहे” असं उत्तर येईल. मलाही आलं होतं आणि मी ऐकलं होतं. इन्व्हर्टर बॅटरीवर यायला क्षणभर जास्त घेतो. दिव्याला ते चालतं, कॉम्प्युटर तेवढ्यात रीस्टार्ट होतो. काही इन्व्हर्टरना यूपीएस मोडचं बटण असतं. ते असेल आणि चालू करून प्रत्यक्ष बघितलं असेल, तरच वेगळा विचार करा. नाहीतर यूपीएस घ्या.

आता कॉम्प्युटर. आधी ज्याला द्यायचा त्याचं काम विचारा. माझ्या भाचीला हिशेबाचं टॅली, एक्सेल, मराठी आणि इंग्रजी टायपिंगचा सराव आणि ऑनलाइन तास एवढंच हवंय. यातल्या कशालाही ग्राफिक्स कार्ड लागत नाही. तेव्हा ग्राफिक्स कार्ड नको. पण मग प्रोसेसर असा हवा की त्याच्या आतच ग्राफिक्स आहे. इथे पुष्कळजण फसतात. इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ आय३-१२१००एफ, तर त्यात ते नसतं. दुकानदार “हा स्वस्त पडेल” म्हणतो आणि घरी मॉनिटरवर काहीच दिसत नाही. ‘एफ’ नसलेला १२१०० घ्या. एएमडीचा ५६००जी चालेल, शेवटचा ‘जी’ महत्त्वाचा.

नवा की वापरलेला, हा प्रश्न यंदा मला अवघड गेला. २०२५च्या शेवटी रॅमचे भाव असे चढले की तीस हजारांत मॉनिटर आणि यूपीएससकट नवा असेंबल करणं ओढाताणीचं झालं. त्यामुळे मी रिफर्बिश्ड घेतला, म्हणजे कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेला आणि दुरुस्त करून विकलेला, आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर असलेला. पिढीचा आग्रह धरा. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली अधिकृतपणे चालत नाही. बाजारात चौथ्या आणि सहाव्या पिढीची मशीनं निम्म्या भावात मांडून ठेवलेली असतात, वर विंडोज ११ टाकूनही देतात. ‘चालतंय की’ म्हणतील. चालतं, पण पळवाट काढून बसवलेलं असतं आणि पुढचं मोठं अपडेट येईल तेव्हा मुलीनं कुणाकडे जायचं? आठवीच्या खाली उतरू नका. पिढी ओळखायला नावातला आकडा बघा: आय५-८५०० म्हणजे आठवी, आय५-६५०० म्हणजे सहावी. नुसतं “आय५ आहे ताई” हे उत्तर धरू नका.

रिफर्बिश्डमध्ये आणखी एक. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिस मशीनमध्ये एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि मदरबोर्ड त्यांच्याच मापाचे असतात. एसएमपीएस उडाला तर तालुक्याच्या दुकानात मिळणारा साधा त्यात बसत नाही. म्हणून वॉरंटी किमान वर्षाची आणि लेखी घ्या. आणि एसएमपीएस उडू नये म्हणून काय लावायचं? यूपीएस. पुन्हा तेच येतं, कारण खरोखर सगळं तिथेच येतं.

रॅम ८ जीबी, जमलं तर १६. डिस्क एसएसडीच, २५६ जीबी पुरे. जुनी फिरती हार्डडिस्क फुकट देत असतील तर फोटो ठेवायला घ्या, विंडोज तिच्यावर टाकू देऊ नका.

मॉनिटर नवा घ्या. वापरलेल्या मॉनिटरवर दिवसभर एक्सेल बघून डोळे दुखतात. २१ किंवा २२ इंच, १९२० बाय १०८० पिक्सेलचा. साडेअठरा इंचीवर बहुधा १३६६ बाय ७६८ असतं, टॅली आणि एक्सेल शेजारी शेजारी मावत नाही. मशीनच्या मागची आणि मॉनिटरची सॉकेटं जुळतात का ते दुकानातच बघा. ऑफिस मशीनना अनेकदा डिस्प्लेपोर्ट असतो आणि मॉनिटरसोबत केबल येते एचडीएमआयची. एवढ्याशा केबलपायी गावी सगळं तसंच पडून राहतं.

वायफाय विचारा. डेस्कटॉपला ते असतंच असं नाही. यूएसबीचं छोटं डोंगल घेऊन टाका. कीबोर्डवर देवनागरी अक्षरं छापलेली हवीत का ते मुलीलाच विचारा, क्लासमध्ये ती कोणत्या मांडणीवर शिकते त्यावर ते अवलंबून आहे. माउस, स्पीकर काहीही.

विंडोजचं लायसन्स खरं आहे का ते सेटिंगमध्ये ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसतंय का एवढ्यावरून ठरवू नका, बिलात लिहून घ्या. टॅली लागत नसेल तर विंडोजऐवजी उबुंटू आणि एक्सेल-वर्डऐवजी लिबरऑफिस फुकट आहेत आणि चांगले आहेत.

दुकानातून निघायच्या आधी एक चाचणी, आणि ती केल्याशिवाय पैसे देऊ नका. मशीन आणि मॉनिटर दोन्ही यूपीएसच्या बॅटरीवाल्या सॉकेटांत लावायला सांगा. मशीन सुरू करा. मग यूपीएसचा प्लग भिंतीतून ओढून काढा. स्क्रीन तशीच राहिली पाहिजे. यंदा मी दुकानात हे करायला लावलं तेव्हा यूपीएसनं एक टिट केलं आणि सगळं विझलं. नवा यूपीएस होता, पण बॅटरी किती महिने गोदामात पडून होती कोण जाणे. दुसरा काढायला लावला. तो सात-आठ मिनिटं चालला, मग मी पुरे म्हटलं. मागे मी यूपीएस घेऊन ही आठ-दहा मिनिटं दिली असती तर साठ पानं वाचली असती. यूपीएसच्या खोक्यावर तो बनवल्याची तारीखही छापलेली असते, ती वाचा.

यूपीएसच्या मागची सॉकेटं मोजा. मशीन, मॉनिटर, राउटर. प्रिंटर त्यावर लावू नका, लेझर प्रिंटर तर मुळीच नाही. बाहेरून आलेल्या रिफर्बिश्ड मशीनबरोबर कधीकधी परदेशी पिनेची वायर येते, ती तिथेच बदलून घ्या.

अर्थिंगकडे मी मागच्या खेपेला यूपीएसइतकंच दुर्लक्ष केलं होतं. ताईच्या घरी तीन पिनांचं सॉकेट होतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. अनवाणी पायांनी कॅबिनेटच्या कडेला हात लागला की झिणझिण्या यायच्या, टेस्टर लावला तर लुकलुकायचा. एसएमपीएसमध्ये फिल्टरचे कॅपॅसिटर असतात, त्यांतून थोडा करंट बॉडीवर येतो आणि तो जमिनीत जायला अर्थिंग लागतं. यूपीएसनं हे सुटत नाही. मशीन न्यायच्या आधी वायरमन बोलावून ते सॉकेट तपासून घ्या. दोन पिनांचा जुगाडू ॲडाप्टर लावू देऊ नका. त्या घरात लहान मुलं आहेत.

नेताना मॉनिटर त्याच्याच खोक्यात, उभा. मशीन गाडीत मांडीजवळ, एसटीच्या टपावर नाही. यूपीएस जड असतो, तो मॉनिटरच्या खोक्यावर ठेवू नका.

पोचल्यावर यूपीएस आधी रात्रभर चार्ज करा, मग मशीन जोडा. काही यूपीएसमध्ये बॅटरीची एक वायर सुटी ठेवलेली असते, ती लावली का ते बघा. भिंतीचा प्लग ओढायची चाचणी इथेही करा, या वेळी मुलीच्या हातानं. वीज गेल्यावर काय करायचं हे तिला एकदा करून दाखवा: सेव्ह, मग शटडाउन, खेळत बसायचं नाही. अपडेट कधी लावायचं तेही सांगा. बिलाचे फोटो तिच्या फोनमध्ये. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याचा नंबर. ‘फॉरमॅट करायच्या आधी मला फोन कर’ असं कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवा. एक पेनड्राइव्ह बॅकअपला.

आणि निघताना तिला बाजूला घेऊन सांगा, यात काही बिघडलं, काही कमी पडलं, तर पहिला फोन मला. मी यंदा दोनदा सांगितलंय. परवा तिचा आला होता, यूपीएस टिटटिट करतोय म्हणून. वीज गेली होती, बाकी काही नाही.