गरम जॉबचे माप आणि वाया गेलेले चाळीस शाफ्ट

आयटीआय किंवा यांत्रिकीचा डिप्लोमा करून जे विद्यार्थी पहिल्यांदा कारखान्यात जाणार आहेत, त्यांना ओतकाम, फोर्जिंग, मशीनिंग आणि वेल्डिंग म्हणजे काय हे मी सांगण्याची गरज नाही. ते पुस्तकात आहे आणि बहुतांशी बरोबर आहे. मात्र पुस्तकात ज्या गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत असतात, त्या कारखान्यात एकाच जॉबवर (मशीनवरच्या एकाच नगावर) एकदम येऊन पडतात, आणि हे मला कळले तेव्हा चाळीस शाफ्ट वाया गेले होते.

भोसरीतल्या एका लहान कारखान्यात मी शिकाऊ होतो. सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या) लेथवर ५० मिमी व्यासाचे पोलादी शाफ्ट चालू होते आणि ड्रॉइंगवरची टॉलरन्स (मापात चालणारा फरक) शून्य ते उणे ०.०२५ मिमी होती, म्हणजे व्यास ५०.००० ते ४९.९७५ यांच्या दरम्यान हवा होता. रात्रपाळीत कूलंटचा (कापताना जॉब थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) पंप बंद पडला. सुपरवायझरला उठवण्याऐवजी मी तसेच सुके टर्निंग चालू ठेवले, कारण सकाळी नगांचा हिशोब द्यायचा होता. चकमधून (जॉब पकडणाऱ्या भागातून) काढलेला प्रत्येक जॉब मी मायक्रोमीटरने मोजत होतो आणि प्रत्येक वेळी माप ४९.९८७ च्या आसपास येत होते. सकाळी क्वालिटीच्या टेबलावर तेच शाफ्ट ४९.९६४ भरले. मी आधी मायक्रोमीटरवर संशय घेतला आणि मग, मनातल्या मनात का होईना, मोजणाऱ्यावर.

हा सापळा मी सविस्तर सांगणार आहे, कारण तो चूक केल्यासारखा वाटतच नाही. पोलाद एका अंश सेल्सिअसला दर मिलिमीटरमागे साधारण ०.००००११५ मिमी प्रसरण पावते. जॉब मायक्रोमीटरपेक्षा ४० अंशांनी गरम असेल, तर ५० मिमी व्यासावर हा फरक ०.०२३ मिमी होतो, म्हणजे जवळजवळ अख्खी टॉलरन्स तिथेच संपते. मशीनने काहीही चुकवलेले नव्हते. शेवटच्या फिनिशिंग कटच्या वेळी टूल जिथे थांबायचे तिथेच थांबले, फक्त रफिंगच्या (आधीच्या जाड कटच्या) उष्णतेने जॉब त्या क्षणी फुगलेला होता. मी मोजले तेव्हाही तो तसाच फुगलेला असल्यामुळे माप बरोबर दिसले. जॉब थंड झाला आणि आकसला, तेव्हा मी घरी झोपलो होतो.

यावर लगेच येणारी शंका म्हणजे मे महिन्यात शेडमध्ये ३८ अंश असतात, मग सगळीच मापे चुकतात का? मापांचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे हे खरे, परंतु पोलादी जॉब आणि पोलादी मायक्रोमीटर दोन्ही ३८ अंशांवर असतील तर दोन्ही सारखेच प्रसरण पावतात आणि माप जुळते. अडचण असते ती दोघांच्या तापमानांतल्या फरकाची. ॲल्युमिनियम मात्र पोलादाच्या दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे तिथे ही सवलत मिळत नाही. मायक्रोमीटरच्या फ्रेमवरची प्लॅस्टिकची पट्टीही हाताची ऊब धातूपर्यंत पोहोचू नये म्हणूनच असते, हे मला कोणत्याही वर्गात सांगितले गेले नव्हते.

गंमत म्हणजे 'आकुंचन' या विषयावर मी परीक्षेत पूर्ण गुण मिळवले होते. बिडाचे ओतकाम थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून ५०० मिमीच्या वस्तूसाठी पॅटर्न (साचा पाडण्यासाठीचा नमुना) ५०५ मिमीचा करतात, हे मला पाठ होते. कोल्हापूरच्या फाउंड्रीतला पॅटर्न बनवणारा कारागीर तर त्यासाठी मुद्दाम मोठी आखलेली पट्टी वापरतो. तोच नियम माझ्या लेथवरही लागू आहे, हे मात्र मला सुचले नाही.

तीन महिन्यांत सीएनसी शिकवणाऱ्या वर्गांबद्दल माझे मत यामुळेच फारसे चांगले नाही. प्रोग्रॅम लिहायला ते उत्तम शिकवतात, पण सिम्युलेटरवरचा जॉब कधीच तापत नाही. त्यापेक्षा मशीनवरच्या जुन्या सेटरच्या (मशीन जुळवून देणाऱ्या कारागिराच्या) मागे सहा महिने निमूट उभे राहावे. आमचे सेटरमामा मला रागावले नाहीत. त्यांनी एक जॉब चकमधून काढून माझ्यासमोर मोजला, टेबलावर ठेवला, चहा मागवला आणि अर्ध्या तासाने म्हणाले, "साहेब, आता मोजा." मी मोजले. "रात्री तुम्ही जॉब मोजत होता की त्याचा ताप?" एवढेच त्यांचे व्याख्यान.

तेव्हा कूलंट बंद पडला तर मशीन थांबवा, नग कमी पडले तरी चालतील. शंका असेल तर जॉब आणि मायक्रोमीटर एकाच टेबलावर शेजारी ठेवून थंड होऊ द्या, आणि हाताला थंड लागतो म्हणून जॉब थंड आहे असे समजू नका. बाहेरचा व्यास मोठा राहिला तर पुन्हा कट घेता येतो, लहान झाला तर तो जॉब गेला. बोअरच्या (आतल्या भोकाच्या) बाबतीत याच्या उलट. त्यामुळे नवख्याने धातू शिल्लक राहील त्याच बाजूला राहावे.

रिजेक्शन झाले म्हणून नोकरी जाईल, या भीतीने मी दोन दिवस जेवलो नव्हतो. नोकरी गेली नाही, कारण पंप बंद असल्याचे मी स्वतःहून सांगितले. तेच लपवले असते तर गेली असती, यात मला शंका नाही. त्यातले बरेचसे शाफ्ट पुढे ४५ मिमीच्या दुसऱ्या जॉबसाठी उतरवून वापरले गेले. ते काम मामांनी माझ्याकडेच दिले आणि पहिला जॉब मोजण्याआधी माझ्या हातातला मायक्रोमीटर काढून टेबलावर ठेवला.