पेन्सिलीचं टोक सारखं तुटतं? या चुका टाळा

टोक तुटलं की सगळे कंपनीला शिव्या घालतात. दोष बहुतेक वेळा वापरणाऱ्याचा असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पेन्सिल आपटणं. आतलं शिसं म्हणजे धातू नव्हे. ग्रॅफाइट आणि चिकणमाती एकत्र मळून, शेवयांसारखी काढून, साधारण हजार अंशांवर भाजलेली ती काडी असते. आपटली की ती तडकणारच, फक्त वरच्या लाकडामुळे ते दिसत नाही. बडोद्यात माझ्या वर्गाला दांडिया बाजारातून एक मुलगा यायचा, फाइन आर्ट्सच्या प्रवेशाची तयारी करत होता. पेन्सिलींचा पत्र्याचा डबा स्कूटरच्या डिकीत, रस्ताभर खुळखुळत. एकदा नवी कोरी ४बी, म्हणजे मऊ शिशाची पेन्सिल, तासायला बसला. टोक आलं की गळायचं, परत तासलं की परत गळायचं. शार्पनर बदलला, मग ब्लेड घेतलं. "सर, पेन्सिलच बेकार आहे!" तोवर ती बोटभर उरली होती. मी ती उभी चिरली, तर आत शिशाचे नुसते तुकडे. मग डब्यात फडकं आलं. मी तर पेन्सिली कापडातच गुंडाळून ठेवतो. मायक्रोवेव्हमध्ये गरम करून शिसं सांधायचे व्हिडिओ कृपा करून मला पाठवू नका. भाजलेली माती अशी सांधत नाही, आणि मागे पत्र्याची टोपी असेल तर ठिणग्या उडतील.

दुसरी चूक, न बघता घेणं. खाचा पाडलेल्या दोन लाकडी पट्ट्यांमध्ये शिसं ठेवून त्या चिकटवतात. आपल्याकडे हे लाकूड बहुतेक काश्मीरच्या पॉपलरचं. खाच सरकली की शिसं मधोमध बसत नाही, मग शार्पनर एकीकडचं लाकूड जास्त खातो आणि टोक उघडं पडून मोडतं. दुकानातच पेन्सिलीचं बूड बघा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

पहिल्याच आठवड्यात ८बी मागणारे उतावळे तर नेहमीचेच. बीमध्ये ग्रॅफाइट जास्त, म्हणून शिसं मऊ आणि लवकर मोडणारं; एचमध्ये माती जास्त, म्हणून कडक. आकडा वाढला की तो गुणही वाढतो. कोंते या फ्रेंच संशोधकाने १७९५ साली बसवलेलं हे ग्रॅफाइट-मातीचं गणित आहे. आधी एचबी आणि २बीवर हात बसवा.

नंबर छापलेल्या बाजूने तासू नका.

मागच्या खोडरबराने चित्र खोडू नका, कागद खरवडतो.

आणि टोक जिभेला लावू नका. ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही. ती सवय जुन्या कॉपिंग पेन्सिलीची, तिच्यात विरघळणारा रंग असायचा.